आचार्य आत्रेयांच्या मठाचा शोध
(देवरूख येथील भाषण)



कसबा संगमेश्वरचे कर्णेश्वर मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. मध्ययुगातील अशी मंदिरे टिकली, पण तेथील आचार्य राहत ती निवासस्थाने कोठे गेली? मंदिर घडीव दगडाचे असे. राहती घरे बहुधा माती, लाकूड व गवताची. कोकणच्या पावसापुढे ती टिकली नाहीत.

अशा एका निवासाचा लेखी पुरावा मात्र आपल्याजवळ आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मध्ये दिलेला ताम्रपट खारेपाटण येथे मिळाला. एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकर यांनी तो वाचून प्रकाशात आणला. मत्तमयूर शैव परंपरेतील अंभोजशंभूंचे शिष्य आत्रेय यांना रट्टराजाने तीन गावे दिली. अव्वेश्वराची पूजा, मंदिराची डागडुजी आणि तपस्व्यांचे अन्नवस्त्र यांसाठी ते दान होते. परद्वीपांतून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याणही देवाला लावून दिले होते. तपस्व्यांची एवढी सोय होती, तेथे मठ असणारच. तथापि त्याचे स्थान आज निर्विवादपणे दाखविता येत नाही.

मग शोध घ्यावयाचा कसा? याच परंपरेचे दगडी मठ मध्य प्रदेशात सुरवाया व रणोद येथे उभे आहेत. त्यांवरून मठाच्या रचनेची कल्पना येते. ताम्रपटात तेली, माळी, कुंभार व परीट यांचीही तरतूद आहे. म्हणजे जुनी विहीर, तेलघाण्याचा दगड, खापरांचा थर, शेताचे चमत्कारिक नाव या साऱ्या खुणाच होत. इंग्लंडमध्ये ऑकलंड येथील बिशपांच्या निवासातील, १६५० नंतर पाडलेल्या भव्य प्रार्थनामंदिराचा पाया २०२० मध्ये उत्खननातून प्रकाशात आला. जमीन जपली गेली, म्हणूनच हे घडले. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पे शोधताना अभ्यासकांनी गुराख्यांना विचारले. २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

परंतु चिरेखाण आणि यंत्राने केलेले सपाटीकरण एका दिवसात हजार वर्षांचा थर उचलून नेते. तो पुन्हा बसविता येत नाही. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वाडीवाडीतील शेतांची व पाणवठ्यांची जुनी नावे लिहून घ्यावीत. ग्रामपंचायतींनी खाणीस वा बांधकामास ना हरकत देण्यापूर्वी ती यादी पाहावी. काही सापडल्यास ते न हलविता जागेची नोंद करून पुरातत्त्व विभागास कळवावे. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस वर्दी देणे १८७८ च्या गुप्तनिधी अधिनियमानुसार बंधनकारकच आहे.

आत्रेयांचा मठ सापडेल की नाही, हे पुढील पिढी ठरवील. शोधण्यासारखे काही शिल्लक ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.