देवचार आणि भुताळीण

मध्ययुगातील सामान्य माणसाच्या विचारांत योगायोगाला फारसे स्थान नव्हते. दुभती गाय एकाएकी आटली, तान्हे मूल दगावले, भाताच्या लोंब्या पोचट निघाल्या, की त्यामागे कोणाचा तरी हात असलाच पाहिजे, अशी त्याची दृढ समजूत असे. हा हात कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर मात्र पुष्कळ काही अवलंबून होते. गोमंतकातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचे लोकजीवन पाहिले म्हणजे या एकाच प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे शेजारी शेजारी नांदत असलेली दिसतात.

हा प्रदेश विजापूरची आदिलशाही, मराठे आणि वाडीचे सावंत भोसले यांच्या अमलाखालून गेला. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. पोर्तुगीजांच्या ताब्यात ही भूमी १७८१ ते १७८८ या वर्षांत, म्हणजे पुष्कळच उशिरा आली, आणि तीही धर्माचारात ढवळाढवळ न करण्याच्या आश्वासनासह. साहजिकच सातेरी, रवळनाथ, वेताळ आणि भूतनाथ ही ग्रामदैवते व त्यांच्याभोवतीच्या समजुती येथे आपल्या जागी टिकून राहिल्या.

पहिले उत्तर होते देवचाराचे. देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार. रात्री हातात दिवटी आणि काठी घेऊन तो आपल्या हद्दीत फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवितो, आणि कोणी मर्यादा ओलांडली तर त्याला धाक दाखवितो, अशी श्रद्धा आहे. डिचोलीतील साळ या गावी होळीच्या सुमारास गड्यांचा उत्सव होतो. अवसर आलेले गडे रात्रीच्या काळोखात रानाकडे धाव घेतात, आणि दूर डोंगरावर दिसणाऱ्या दिवट्या देवचाराच्या असे लोक मानतात. पेडण्यात कोजागिरीच्या सुमारास भरणाऱ्या पुनवेला भूतबाधा झाली असे समजली जाणारी माणसे देवासमोर येतात. आजचे वैद्यक त्यांतील अनेकांना मनोरुग्ण म्हणेल आणि त्यांच्यावर उपचार करील. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे दोष भुताच्या माथी बसतो, माणसाच्या नव्हे. देवचार रागावला तर एक रोट, थोडी दारू आणि गाऱ्हाणे एवढ्यावर प्रकरण मिटते. भयाला एक ठिकाण मिळते आणि त्याची किंमत ठरलेली असते.

दुसरे उत्तर होते भुताळणीचे. आजार हटेना, गाऱ्हाणे फळेना, म्हणजे लोक घाड्याकडे जात. तो तांदळाचे दाणे मांडून कारण सांगे. ते कारण ‘सीमेवरचा राखणदार’ असे निघाले तर कोणाचे काही बिघडत नसे. पण ‘करणी झाली आहे, आणि ती जवळच्याच माणसाची आहे’ असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, की साऱ्या वाड्याचे डोळे एखाद्या घराकडे वळत. ते घर कोणाचे? बहुधा ज्याच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही अशाचे. एकटी राहणारी विधवा, मूल नसलेली बाई, झाडपाल्याचे औषध जाणणारी सुईण. ज्या हाताने काल बाळंतीण सोडविली, त्याच हातावर आज मूठ मारल्याचा आरोप येई. जमिनीचा जुना तंटा किंवा भाऊबंदकीही या आरोपाच्या आड सहज लपत असे.

हे केवळ गावगप्पांपुरते राहिले नाही. पेशवाईतील कोकणच्या कागदपत्रांत शेजाऱ्याने भूत घातल्याच्या फिर्यादी आढळतात, आणि सरकारने त्यांची दखल घेऊन दंड केल्याचेही दिसते. युरोपात तर याहून भयंकर घडले. सुमारे १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत तेथे चेटकिणी ठरवून चाळीस ते पन्नास हजार माणसांना देहान्त शासन देण्यात आले, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तेथे न्यायाधीश विद्वान होते, ग्रंथ छापलेले होते. तेव्हा हा दोष केवळ अडाण्यांचा, असे म्हणण्याची सोय राहत नाही.

पेडण्याच्या दक्षिणेस शापोरा नदी ओलांडली की बारदेश लागतो. तो १५४३ पासून पोर्तुगीजांकडे होता. तेथे १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची सत्ता चाले. या न्यायासनापुढे १५६१ ते १६२३ या काळात चाललेल्या ३,८०० खटल्यांची सूची जुवांव देल्गादु फिगैरा या अधिकाऱ्याने करून ठेवली. त्यांत मोठा वाटा हिंदू आचार पाळल्याच्या आरोपांचा होता. ख्रिस्ती उपदेशात ‘देवचार’ हा शब्द सैतानासाठी रूढ झाला. नदीच्या एका तीरावरचा रक्षक दुसऱ्या तीरावर शत्रू ठरला. तरीही दृष्ट काढणे आणि राखणदाराला मानणे ख्रिस्ती घरांतूनही नाहीसे झाले नाही. धर्म बदलला, पण रात्र तीच होती आणि ताप तोच होता.

त्या तापाकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहणारा एक माणूस त्याच काळी गोव्यात होता. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात येथील औषधी वनस्पतींची माहिती आहे, आणि पटकीचे प्रत्यक्ष पाहून केलेले वर्णन आहे. परंतु तो ज्यू वंशातला होता. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. आजाराचे कारण रोग्याच्या शरीरात शोधणाऱ्याच्या वाट्याला हे आले. हिवतापाचे कारण डास, हे कळण्यासाठी पुढे १८९७ साल उजाडावे लागले. तोवर कित्येक तापांचा दोष कोणा ना कोणा गरिबाच्या पदरात पडला असेल.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. पेडण्याच्या सीमेला लागूनच असलेल्या महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो असे भासवून त्याला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. म्हणजे कायद्याने देवचाराच्या रोटाला हात लावला नाही. त्याने बोट दाखविणाऱ्याचा हात धरला. मध्ययुगातील माणूस भ्याला, यात त्याचा अपराध नव्हता. अंधारात भय वाटणारच. त्या भयाला शेजारणीचे नाव देण्यात आले, अपराध तेथे घडला. कारण कळत नसेल तेव्हा ‘कारण कळत नाही’ असे म्हणून थांबणे, एवढा संयम गावाने दाखविला असता, तर कित्येक निरपराध म्हाताऱ्या आपल्या उंबरठ्यावर शांतपणे बसून राहिल्या असत्या.