फुगडीला हात दे

सख्यांनो, मालक गेले त्या वर्षी पंचमीला मी उंबऱ्याच्या आतच बसले. अंगणात फुगड्या रंगल्या होत्या. कुणी ‘ये’ म्हणालं नाही. पुढच्या वर्षी गटातल्या आक्कांनी हात पुढं केला. फुगडीत हात सुटला की दोघीही पडतात, म्हणून सगळं ध्यान मनगटात आन् पायांत. तेवढा वेळ कर्जाचा हप्ता, पोरांची फी, काही आठवलं नाही. दम लागला, मग रडू आलं. चांगलं वाटलं बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ साली विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. आपण ठरावाची वाट कशाला बघायची? गुडघे दुखत असतील तर बसून टाळ्यांचा झिम्मा धरा, श्वास सावकाश घ्या. यंदा पंचमीला आत कोण बसलीय ते बघा. ओढू नका, विचारा.