पट्टंदूरचा तलाव

स्नातक मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण आता बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्येच नोकरीला लागतील. तिथल्या टेकपार्कांपासून काडुगोडी जवळच आहे. काडुगोडीच्या काशी विश्वेश्वर मंदिरात इ.स. १०४३ चा, राजेंद्र चोळाच्या काळातला शिलालेख आहे. पेर्माडी गावुंडाचा मुलगा राजराज वेलन याने पट्टंदूरचा तलाव बांधला, पाणी सोडायच्या मोऱ्या केल्या आणि गणपती, दुर्गा व क्षेत्रपाल यांची स्थापना केली, अशी त्यात नोंद आहे. आजचे पट्टंदूर अग्रहार ते हेच.

चोळ म्हटले की तंजावरचे १०१० मधले बृहदीश्वर मंदिर आठवते, किंवा १०२५ साली श्रीविजयावर गेलेले आरमार. राजेंद्राचा पिता राजराज चोळ याच्या सैन्याने १००४ च्या सुमारास गंगवाडी घेतली आणि हा मुलुख चोळांकडे आला. १११६ च्या सुमारास होयसळ विष्णुवर्धनाने तलकाड जिंकून त्यांना इथून हटवले. त्या शंभरेक वर्षांतली इथली सर्वांत उपयोगी खूण म्हणजे हा तलाव.

चोळांची ताकद नुसत्या तलवारीत नव्हती. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या मंदिरात चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातले, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले लेख आहेत. गावच्या समित्या कशा निवडायच्या, हे त्यांत बारकाईने कोरले आहे. पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहायची, ते तुकडे घागरीत टाकायचे आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. या समित्यांमध्ये एक खास तलावाची होती. पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही, तो अपात्र. त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र! हजार वर्षांपूर्वीच्या गावाने हिशेबाला दिलेले हे महत्त्व विलक्षण आहे. अर्थात ही सभा ब्राह्मण गावातली होती, जमीनधारकांची होती; स्त्रिया आणि भूमिहीन तिच्या बाहेर होते. हेही त्याच इतिहासात आहे आणि ते लपवायचे कारण नाही.

मराठी माणसाचे या वारशाशी थेट नाते आहे. राजराजाने बृहदीश्वराच्या भिंतींवर देणग्या आणि दागिने यांची तपशीलवार नोंद करून ठेवली. पुढे तंजावरला भोसल्यांचे राज्य आले, आणि १८०३ साली सरफोजी राजांनी त्याच मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ नोंदींच्या शेजारी मराठी अक्षरे उभी राहिली, आणि दोन्ही आजही वाचता येतात.

पट्टंदूरच्या तलावाचे भाग्य तेवढे नाही. त्याच्या जमिनीवरून अतिक्रमणाचे वाद झाले आहेत. बंगळूरच्या तलावांसाठी नागरिकांचे गट काम करतात. त्यांना इंजिनिअरही लागतात, हिशेब तपासणारेही आणि जुने लेख वाचणारेही. पहिला पगार हाती येईल त्या महिन्यात काडुगोडीला जा, लेख पाहा, आणि तुमच्या भागातल्या तलावाच्या खर्चाचा हिशेब महापालिकेकडे मागा.