मंदिराच्या वाटेवरची नऊवारी

भोरचा १८६९ सालचा राजवाडा मराठी चौक आणि युरोपीय धाटणी सहज एकत्र नांदवतो. त्याला कुणी परका म्हणत नाही. मग शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ला तरी पाश्चात्त्य वळणाची म्हणून का बाजूला सारावं? १८७६ साली जन्मलेल्या म्हात्र्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असतानाच, १८९६च्या सुमारास, ती प्लास्टरमध्ये घडवली. शरीररचनेचे धडे युरोपातून आले होते, हे खरंच. पण पूजेला निघालेली ही तरुणी जवळून पाहा. अंगासरशी बसलेली नऊवारी, तिच्या चुण्यांतून जाणवणारं पुढचं पाऊल, चालण्यातला संथ संकोच. हे पाठ्यक्रमातून नव्हे, इथल्या वाटांवरून आलेलं आहे.

कुणी म्हणेल, हुबेहूबपणा म्हणजे नुसती नक्कल. फ्रान्समध्ये १८७७ साली शिल्पकार रोदँच्या ‘कांस्ययुग’ पुतळ्यावर जिवंत माणसाचा साचा घेतल्याचा आरोप झाला होता. तो टिकला नाही. साचा आकार उतरवतो, पण कोणता क्षण धरायचा ते शिल्पकारच ठरवतो. म्हणून हत्यारं कुठलीही असोत, कलाकृती कुणाची हे नजरेवरून ठरतं.