उद्याची सायकल फेरी



उद्या पहाटे धामणगाव बढे, रोहिणखेड, मोताळा आणि परत गावी अशी फेरी आखली आहे. बुलढाण्याचा आग्रह झाला. पण मध्ये राजूर घाट आहे आणि आपण चाळिशी ओलांडलेले, म्हणून तो वगळला. सॉफ्टवेअरमध्ये वेळेचा अंदाज सर्वांत सावकाश टप्प्यावरून बांधतात. उद्याही वेग शेवटच्या सायकलचा.

रोहिणखेडला थांबू. १४३७ मध्ये तिथे बहमनी फौजेने खानदेशच्या सुलतानाला हरवले. १५८२ ची मशीदही पाहू. इतक्या जवळ असून आम्हा मुलींना तेव्हा गावाबाहेर सायकल नेऊ देत नसत. म्हणून उद्या पुढे मैत्रिणी राहतील. मित्रांनो, पंपाची पिशवी तुमच्याकडे!