वरचा उपग्रह चालू आहे का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि महाप्रसाद यांच्या मधली वेळ मला दिली आहे, म्हणजे किती वेळ बोलायचे ते वासावरून आपोआप ठरेल. आजचा विषयही तसाच वेळेत बांधलेला आहे. ज्या उपग्रहांविषयी मी बोलणार आहे, त्यांतले बहुतेक डोक्यावरून जातात तेव्हा दहा-बारा मिनिटेच भेटतात. तेवढ्यात बोलून घ्यायचे, नाही तर पुढच्या फेरीची वाट बघायची.

हौशी रेडिओ म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळतो, सोबत स्वतःचे एक संकेतनाम मिळते. आपल्याकडे ते सहसा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते. धंद्यासाठी हा रेडिओ वापरता येत नाही. शिकावे, प्रयोग करावेत, लोकांशी बोलावे आणि आपत्तीत उपयोगी पडावे, एवढेच. अशा लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. या हॅम लोकांनी स्वतःचे उपग्रह बांधले आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

पहिला होता ‘ऑस्कर १’. १२ डिसेंबर १९६१ ला तो अमेरिकेतून सुटला. अग्निबाणात तोल सांभाळायला जे निरुपयोगी वजन ठेवायचे, त्याच्या जागी ही साडेचार किलोची पेटी ठेवली होती. ती मोर्समध्ये एकच शब्द पाठवत होती : ‘हाय’. पेटीचे तापमान वाढले की तो शब्द जलद वाजे, थंडावली की हळू. बॅटरी तीनेक आठवडे टिकली. तेवढ्यात २८ देशांतल्या साडेपाचशेहून अधिक हॅमनी तो ऐकून आपापल्या नोंदी पाठवल्या. उपग्रह चालू आहे का आणि तो गरम आहे की थंड, हे कळले ते या नोंदींतून. तेव्हापासून आजपर्यंत ही पद्धत बदललेली नाही, आणि मला आज सांगायचे आहे ते याविषयीच.

मी ज्या खात्यात नोकरी करतो, तिथे दर महिन्याला हातपंपांचे विवरणपत्र भरावे लागते. रकाने ठरलेले : चालू, बंद, दुरुस्तीयोग्य. कागद महिन्यातून एकदा भरला जातो, पण गावातली बाई रोज पहाटे हंडा घेऊन पंपावर जाते. पंप आज सकाळी चालू होता की नाही, याचा खरा जबाब तिच्याकडे असतो. हौशी उपग्रहांचेही तसेच आहे. त्यांना नियंत्रण केंद्रे असतात, पण तीही बहुतेक फावल्या वेळात काम करणाऱ्या हौशी लोकांची. चोवीस तास पडद्याकडे बघत बसायला पगारी माणूस नसतो. म्हणून ज्याने ऐकले त्याने कळवायचे. त्याचे तीन प्रकार असतात. उपग्रहामार्फत बोलणे झाले किंवा ऐकू आले, हा पहिला. फक्त उपग्रहाची स्वतःची खूण किंवा त्याच्या तब्येतीचे आकडे ऐकू आले, हा दुसरा. काहीच ऐकू आले नाही, हा तिसरा.

हा तिसरा प्रकार सगळ्यांत अवघड. ‘ऐकू आले नाही’ म्हणजे ‘बंद पडला’ असे नव्हे. एखाद्या उपग्रहाची बॅटरी थकलेली असते, तो उन्हात असेल तरच जागा असतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. जपानचा ‘फूजी-ऑस्कर २९’ हा १९९६ चा उपग्रह असा म्हातारा झाला आहे. त्याचे नियंत्रण केंद्र ठरलेल्या फेऱ्यांना त्याला चालू करते आणि त्याचे वेळापत्रक आधी जाहीर करते. २००२ सालच्या ‘सौदी-ऑस्कर ५०’ ला तर आधी विशिष्ट सूर ऐकवून उठवावे लागते. ७४.४ हर्ट्झचा सूर दिला की त्याचे घड्याळ दहा मिनिटे चालते, मग पुन्हा गप्प. वेळेवर कोणी सूर दिला नाही, तर डोक्यावर असूनही तो मुकाच जाणार.

शिवाय चूक खालीही असू शकते. रेल्वेचे इंजिन जवळ येताना शिटी उंच वाजते, लांब जाताना खाली उतरते, हे आपण सर्वांनी फलाटावर ऐकले आहे. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास धावतो. त्यामुळे ४३५ मेगाहर्ट्झवरची त्याची लहर येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकीच खाली सरकते. रेडिओचे बटण त्याप्रमाणे फिरवत राहिले नाही, तर चालू उपग्रहही बंद वाटतो. म्हणून जाणता माणूस ‘ऐकू आले नाही’ लिहिण्यापूर्वी आपली अँटेना, आपली वेळ आणि आपला कान तपासतो. आणि ते सगळे ठीक असेल, तर तीन शब्दांचा तो कंटाळवाणा जबाबही नोंदवतो. दहा गावांहून तो जबाब आला की मगच काही तरी बिघडले आहे हे कळते.

आता आपल्या घरच्या उपग्रहाची गोष्ट. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ सुटले. मोठा उपग्रह होता कार्टोसॅट-१. त्याच्याबरोबर साडेबेचाळीस किलोचा ‘हॅमसॅट’ गेला, ज्याला पुढे जगात ‘ऑस्कर ५२’ हे नाव मिळाले. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम प्रक्षेपणाला जातीने हजर होते. हॅमसॅटमध्ये संदेश परत पाठवणारी दोन यंत्रे होती, एक भारतीय हॅमनी केलेले आणि दुसरे एका डच विद्यार्थ्याने. गच्चीवर हातात छोटी अँटेना धरून आपल्या देशातल्याच नव्हे, आजूबाजूच्या देशांतल्या हॅमशीही त्यातून बोलता येई. नऊ वर्षे त्याने सेवा दिली. २०१४ च्या जुलैमध्ये त्याच्या लिथियम बॅटऱ्यांनी दगा दिला आणि इस्रोने त्याचे काम संपल्याचे जाहीर केले. ज्यांनी त्यावर पहिला संवाद केला होता, त्यांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. सरकारी भाषेत सांगायचे तर रकाना बदलला, चालूमधून बंद.

पण रकाना एकदा बदलला म्हणजे कायमचा, असे मानू नये. ‘ऑस्कर ७’ १५ नोव्हेंबर १९७४ ला सुटला. अमेरिका, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या हौशी लोकांनी मिळून तो बांधला होता. साडेसहा वर्षे चालला आणि १९८१ च्या मध्यावर बॅटरीत शॉर्टसर्किट होऊन गप्प झाला. लोकांनी हात जोडले, नोंदवहीत ‘बंद’ लिहिले. एकवीस वर्षे गेली. २१ जून २००२ ला इंग्लंडमधले पॅट गोवेन रेडिओ फिरवत असताना त्यांना जुन्या पद्धतीची मोर्स खूण ऐकू आली. तपासले तर ऑस्कर ७! झाले असे की शॉर्ट झालेल्या बॅटरीचा आतला जोड पुढे केव्हा तरी तुटला. शॉर्ट होता तोवर सौर तावदानांची सगळी वीज तिथेच जिरत होती. जोड तुटल्यावर ती वीज सरळ यंत्राला मिळू लागली. म्हणजे बिघाडावर आणखी एक बिघाड झाला आणि यंत्र जागे झाले. आता त्याला बॅटरीच नाही. ऊन असेल तेव्हा चालतो, सावलीत विझतो, पुन्हा उन्हात आला की नव्याने सुरू होतो. त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली आणि अजून लोक त्यातून बोलतात. तो नेमका कोणत्या दिवशी जागा झाला, हे सांगता येत नाही. कोणी तरी ऐकले, तो दिवस तेवढा सांगता येतो.

अशा म्हाताऱ्या यंत्रांशी वागायचीही एक रीत आहे. ऑस्कर ७ मध्ये वीज मोजकी आणि ती सगळ्यांत वाटली जाते. एकाने जोरदार यंत्रातून हाक मारली, की बाकीच्यांचे आवाज खाली जातात, कधी कधी सगळेच बंद पडते. पंगतीत एकानेच पातेले समोर ओढून घेतल्यासारखे ते आहे. म्हणून जेवढ्या कमी शक्तीत काम होईल तेवढीच वापरायची. ज्या उपग्रहांवर एकच वाहिनी असते, तिथे आपल्या मंडपातल्या माइकसारखे : एकाचे झाल्यावर दुसऱ्याने, आणि तेही थोडक्यात. २०१७ च्या ‘ऑस्कर ९१’ ची बॅटरी खराब झाली तेव्हा सांभाळणाऱ्यांनी विनंती केली की तो उन्हात असेल तेव्हाच वापरा. हे बघायला वर कोणी पोलीस नाही. ज्याने त्याने पाळायचे.

मुलांना वाटेल, हे सगळे जुनेच आहे का? तसे नाही. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने वर गेला. वीज न खर्चता चुंबकाच्या साह्याने स्वतःची दिशा स्थिर ठेवण्याचा प्रयोग त्यात होता, आणि बोलणे हॅमच्या लहरींवर. २०१८ साली, योगायोगाने १५ नोव्हेंबरलाच, कतारचा एक मोठा उपग्रह सुटला. त्याच्यावर हॅमसाठी कायमची जागा आहे. तो आपल्याकडून पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे तीस अंशांवर एकाच जागी असतो आणि त्याचे बोलणे डीटीएचसारख्या थाळीने ऐकता येते. आणि २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात असताना बंगळुरू आणि शिलाँग इथल्या मुलांशी बोलले, ते हॅम रेडिओवरूनच. स्थानकाचा तो आवाज खाली येतो १४५.८०० मेगाहर्ट्झवर. साधा रिसीव्हर, उघडी गच्ची आणि स्थानक केव्हा डोक्यावरून जाणार आहे ते वेळापत्रक, एवढी तयारी पुरते.

परवान्याला वयाची अट बारा वर्षांची आहे आणि खालच्या श्रेणीला मोर्स यावे लागत नाही. सातवी-आठवीतल्या मुलाला झेपेल असे ते आहे. माझे मंडळाला मागणे एवढेच की विसर्जनानंतर एका रविवारी संध्याकाळी सभागृहाची गच्ची उघडावी. पाच-सात मुले, एक अँटेना, एक वही. आवाज आला तर लिहायचे आला, नाही आला तर लिहायचे नाही आला. दुसरे लिहितानाही तितकेच काळजीने लिहायचे. खरे लिहायची सवय लागली, तर बाकीचे तंत्र पुस्तकात सापडते.

जाता जाता एक सांगतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आपल्याकडे येतात तेव्हा हमखास विचारतात, ‘‘तुमच्या इंदूरला अजून मराठी बोलतात का हो?’’ पाच-सात पिढ्या इथे काढलेल्या घराला हा प्रश्न ऐकून हसू येते, थोडा रागही येतो. पण प्रश्न तोच आहे : चालू आहे का बंद? त्याचे उत्तर जनगणनेच्या तक्त्यात दहा वर्षांनी येईल तेव्हा येईल. आज संध्याकाळचे उत्तर या मंडपात आहे. पुढे सतरंजीवर बसलेल्यांपैकी किती जण घरी गेल्यावर आजीला मराठीत सांगतील की काका काय बोलले, त्यावर ते अवलंबून आहे. आजीने ऐकून ‘हो का?’ म्हणावे, म्हणजे नोंद पक्की.

महाप्रसादाची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया!