खेळाडू विद्यार्थ्याचें कॉलेज

अमेरिकेंत वाढणाऱ्या मराठी मुलाला एखाद्या कॉलेजानें फुटबॉलसाठीं बोलाविलें, अशी बातमी पुण्यास आली म्हणजे येथील आजोबांना प्रथम शंका येते ती ही कीं, मुलगा तेथें शिकावयास जाणार कीं खेळावयास? ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिकडील आईबापांनाही नेमका हाच प्रश्न पडलेला असतो.

इंग्लंडांतील होतकरू मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं एखाद्या क्लबाच्या प्रशिक्षणशाळेंत जातो आणि कॉलेजाशीं त्याचा संबंध बहुधा सुटतो. अमेरिकेंत मात्र खेळाची वाट पुष्कळांच्या बाबतींत कॉलेजाच्या आवारांतूनच जाते. (तेथें फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा निराळाच खेळ, आपल्या फुटबॉलला तेथें सॉकर म्हणतात.) ह्या कॉलेजी खेळांची व्यवस्था पाहणारी प्रमुख संस्था म्हणजे १९०६ सालीं स्थापन झालेली एन.सी.ए.ए. १९७३ पासून तिनें कॉलेजांचे तीन विभाग पाडले आहेत. हे विभाग म्हणजे गुणवत्तेच्या तीन पायऱ्याच होत, असा समज सर्वत्र आढळतो, आणि तोच पालकांना फसवितो. विभागांतील मोठा भेद पैशाचा आहे. पहिल्या व दुसऱ्या विभागांतील कॉलेजांस खेळासाठीं शिष्यवृत्ति देतां येते. तिसऱ्यास ती मुळींच देतां येत नाहीं, तेथें घरची गरज किंवा अभ्यासांतील यश पाहूनच मदत मिळते. पेन्सिल्व्हेनियांतील मसाया विद्यापीठ तिसऱ्या विभागांतलें. परंतु तेथील मुलांच्या संघानें २००० ते २०१७ ह्या काळांत आपल्या विभागाचें राष्ट्रीय विजेतेपद ११ वेळां जिंकलें. उलट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदि आयव्ही लीगचीं आठ विद्यापीठें पहिल्या विभागांत असूनही खेळासाठीं एका डॉलरचीही शिष्यवृत्ति देत नाहींत.

‘शिष्यवृत्ति’ ह्या शब्दाभोंवतींही असेंच धुकें आहे. पहिल्या विभागांतील मुलांच्या फुटबॉल संघास कित्येक वर्षें एकूण ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती; मुलींच्या संघास १४ ची. हा अपूर्णांक चमत्कारिक वाटेल, परंतु ही मदत तुकडे करून संघांत वांटण्याची मुभा असे. तीस मुलांत ती सारखी वांटली तर प्रत्येकाच्या वांट्यास खर्चाचा एक तृतीयांश येई. आणि व्यवहारांत ती सारखी वांटली जात नसे. पुढें २०२५ च्या जूनमध्यें एका मोठ्या दाव्यांतील तडजोडीस न्यायालयानें मान्यता दिली, आणि जीं कॉलेजें ती तडजोड स्वीकारतील त्यांच्यापुरती ही मर्यादा उठली. तिच्या जागीं, संघांत २८ हून अधिक खेळाडू असूं नयेत, असा नियम आला. आतां कॉलेजास सर्व अठ्ठाविसांना पूर्ण शिष्यवृत्ति देतां येईल. द्यावीच असें मात्र नाहीं. आणि स्वतःची फी भरून तिसावा खेळाडू म्हणून जो मुलगा हौसेनें संघांत राहत असे, त्याची जागाच अशा कॉलेजांत नाहींशी झाली. म्हणून वडिलांनीं रक्कम किती, किती वर्षांसाठीं, आणि मुलगा जायबंदी झाला तर तिचें काय होणार, ह्या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्या. ह्यांत संकोच बाळगण्याचें कारण नाहीं. पत्र देणारें कॉलेजही हिशेब करूनच पत्र देत असतें.

सामन्यांचा मुख्य हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन पहिल्या सत्रांत. नियमाप्रमाणें हंगामांत आठवड्यास २० तासांहून अधिक वेळ खेळासाठीं घेतां येत नाहीं व एक दिवस मोकळा द्यावा लागतो. हें ऐकून पालक निश्चिंत होतात. परंतु सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीनच तासांचा धरला जातो, आणि प्रवास ह्या हिशेबांत येतच नाहीं. २०२४ सालीं स्टॅन्फर्ड आणि बर्कलेचें कॅलिफोर्निया विद्यापीठ हीं पॅसिफिक किनाऱ्याकडचीं विद्यापीठें अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेंत सामील झालीं; तेव्हांपासून तेथील मुलामुलींना संघटनेच्या सामन्यांसाठीं सारें खंड ओलांडावें लागतें. ज्याला रसायनशास्त्र शिकावयाचें आहे त्याची दुपारची प्रयोगशाळा विमानांत भरत नाहीं. अशा मुलानें आधीं नकाशा व सामन्यांचें वेळापत्रक पुढें घ्यावें. ढालींनीं भरलेलीं कपाटें मागाहून पाहावीं.

प्रशिक्षक पाहून कॉलेज निवडावें, असें सांगणारेही पुष्कळ भेटतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींच्या संघास अॅन्सन डोरन्स ह्यांनीं एन.सी.ए.ए.चें विजेतेपद २१ वेळां मिळवून दिलें. मिया हॅम त्यांच्याच संघांत खेळली. असा गुरु लाभणें हें भाग्यच. परंतु तेच डोरन्स २०२४ च्या ऑगस्टमध्यें, हंगाम तोंडावर आला असतांना, निवृत्त झाले. तो संघ भक्कम होता. डॅमन नाहास ह्यांच्या हाताखालीं त्याच वर्षीं तो पुन्हा विजेता ठरला. सगळीकडे असें घडत नाहीं. शिवाय २०२४ पासून अभ्यासांत पात्र ठरणाऱ्या खेळाडूस कितीही वेळां कॉलेज बदलून लगेच खेळतां येतें. ही मोकळीक खेळाडूच्या सोयीची खरी, परंतु तिचा उपयोग प्रशिक्षकही करून घेतात. अठरा वर्षांच्या मुलास दोन वर्षें घडवीत बसण्यापेक्षां दुसरीकडचा एकवीस वर्षांचा तयार गडी आणणें पुष्कळांना सोपें वाटतें.

तिकडील जाणते लोक एक कसोटी सांगतात. पहिल्याच महिन्यांत पाय मोडून खेळ कायमचा सुटला, तरी मुलास त्या कॉलेजांत चार वर्षें काढावीशीं वाटतील काय? कसोटी चांगली आहे, परंतु ती पुरेशी नाहीं. जो मुलगा आठव्या वर्षापासून चेंडूमागें धांवला, त्याला खेळावयास मिळणार कीं नाहीं, हेंही पाहिलेंच पाहिजे. नामांकित संघाचा गणवेश घालून चार वर्षें बांकावर बसण्यापेक्षां लहान कॉलेजाकडून दर सामन्यास मैदानांत उतरणें पुष्कळ मुलांना अधिक मानवेल.

पहिल्या विभागांतील प्रशिक्षकांस दहावीचें वर्ष संपल्यावर १५ जूनपासून मुलाशीं पत्रव्यवहार करतां येतो, आणि १ ऑगस्टपासून कॉलेजाच्या खर्चानें त्याला भेटीस बोलावितां येतें. भेटींत नवें मैदान, व्यायामशाळा, झगझगीत कपडे, सारें दाखविलें जातें. मुलानें तें अवश्य पाहावें. नंतर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या खेळाडूजवळ बसून त्याला विचारावें कीं, पहिल्या वर्षीं तुमच्याबरोबर कितीजण आले होते, त्यांतले आज संघांत किती आहेत, आणि बाकीचे कोठें गेले? प्रशिक्षक जवळ असतांना ह्याचें उत्तर सहसा मिळत नाहीं. रात्रीं जेवणाच्या वेळीं मिळतें.